परदेशातला लांबलचक लेओव्हर: बाहेर पडू की आतच बसू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की लेओव्हरला, म्हणजे दोन विमानांच्या मधल्या थांब्यात, दुसऱ्या देशातल्या विमानतळावर पाच-सहा तासांच्या वर थांबायची वेळ आली तर तुम्हाला नेमकं काय अडतं, आणि प्रश्नांचा ढीग आला. सगळे घेता येणार नाहीत पण जे पुन्हापुन्हा आले ते घेतलेत. पहिलं उत्तर जरा लांब आहे, ते सगळ्यांनीच वाचा, कारण त्यातला हिशोब पुढे प्रत्येकाला लागतो.

ताई, मी शिकायला पहिल्यांदाच परदेशी निघालोय. इस्तंबूलला ११ तासांचा लेओव्हर आहे, सकाळी साडेसहाला उतरतो आणि संध्याकाळी साडेपाचला पुढचं विमान. मित्र म्हणतात बाहेर पड, घरचे म्हणतात गेट सोडून हलू नकोस. कोणाचं ऐकू?
– एक विद्यार्थी

आधी अभिनंदन! आता कोणाचंच ऐकू नकोस, कागद-पेन घे आणि उलटा हिशोब मांड. उलटा म्हणजे उतरायच्या वेळेपासून नाही तर पुढच्या विमानाच्या वेळेपासून मागे मागे यायचं. साडेपाचचं विमान, म्हणजे अडीचला तू विमानतळाच्या दारात हवास, तीन तास आधी, कारण बाहेर जाऊन परत आलास की सिक्युरिटी, पासपोर्ट कंट्रोल सगळं नव्याने करायचंय आणि गेट विमान सुटायच्या वेळेला नाही तर त्याच्या १५-२० मिनिटं आधीच बंद होतं. हा विमानतळ शहरापासून जवळपास ४० किलोमीटरवर आहे, म्हणजे यायला सव्वा तास धर, म्हणजे सव्वा वाजता शहर सोडायचं. आता पुढून मोज. साडेसहाला विमान टेकलं की उतरणं, चालणं, पासपोर्टची रांग यात आरामात दीड तास जातो, आठ वाजले, शहरात पोचायला सव्वानऊ. म्हणजे तुझ्या ११ तासांतले हातात उरले चार. हा आकडा बघितल्याशिवाय कोणीही बाहेर पडायचा विचार करू नये असं माझं अगदी ठाम मत आहे. लोक ११ तास ऐकतात आणि अख्खं शहर बघायचे बेत आखतात आणि मग धापा टाकत गेटवर येतात.

पण चार तास म्हणजे कमी नाहीत हं. इस्तंबूलला सुलतानअहमत भागात आया सोफिया, निळी मशीद आणि जमिनीखालचं बॅसिलिका सिस्टर्न हे सगळं एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. आया सोफिया बांधून झाली ५३७ साली, तो घुमट आत जाऊन बघायला मिळत असेल तर मी तरी गेटजवळ बसायला सांगणार नाही. फक्त वार बघ. आया सोफिया २०२० पासून पुन्हा मशीद आहे त्यामुळे शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, ग्रँड बाजार रविवारी बंद, तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद. एका भागातच राहा, दोन ठिकाणं निवांत बघ आणि परत फीर.

आता हे सगळं एका जरतर वर उभं आहे, ते म्हणजे व्हिसा. एका विमानातून उतरून विमानतळाच्या आतल्या आत दुसऱ्या विमानात बसणं ही एक गोष्ट आणि त्या देशाच्या पासपोर्ट काउंटरमधून बाहेर येणं ही पूर्ण वेगळी. तुला व्हिसा लागतो का, ई-व्हिसा चालतो का, हे पासपोर्ट कुठल्या देशाचा आणि त्यावर आणखी कुठले व्हिसे आहेत यावर ठरतं. तुझ्याकडे पुढच्या देशाचा स्टुडंट व्हिसा आहेच, काही देश दुसऱ्या ठरावीक देशांचा चालू व्हिसा बघून सोपी परवानगी देतात, तर तेही तपास. पण तपासायचं ते त्या देशाच्या सरकारी साइटवर, कारण सरकारी वाटाव्या अशा दिसणाऱ्या आणि फुकटच्या फॉर्मचे पैसे घेणाऱ्या साइट्स भरपूर आहेत. आणि हे घरून निघायच्या दोन-तीन आठवडे आधी, विमानतळाच्या वायफायवर बसून नाही.

अजून एक, तुझी दोन्ही विमानं टर्किश एअरलाईन्सची असतील तर त्यांची टूरिस्तांबूल नावाची मोफत सहल आहे, आंतरराष्ट्रीय ते आंतरराष्ट्रीय प्रवासात ६ ते २४ तासांचा लेओव्हर असणाऱ्यांसाठी. बस, गाईड सगळं त्यांचं, दिवसभरात वेगवेगळ्या वेळांना निघतात, आणि मुख्य फायदा म्हणजे वेळेत परत आणायचं टेन्शन त्यांचं. पहिल्यांदा एकटा जाणाऱ्याला मी डोळे मिटून हेच सुचवेन. मात्र व्हिसा तिथेही लागतोच. स्वतःहून जायचं असेल तर एअरपोर्ट बस आहेत आणि २०२३ पासून मेट्रोची एम११ लाईन आहे, मेट्रोला मध्ये गाडी बदलावी लागते पण ट्रॅफिकमध्ये अडकत नाही. परतीला मी कायम रुळावरचं वाहन धरायला सांगते, कुठल्याही शहरात. टॅक्सी जाताना एक वेळ ठीक, येताना नको.

निघण्याआधी पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास हातात असू दे, केबिन बॅग सामान ठेवायच्या काउंटरवर टाक, आणि फोन चार्ज. पॉवर बँक नेत असशील तर ती केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही, आणि १०० वॉट-अवरच्या आतली घे, त्यावरच्या पॉवर बँकेला विमान कंपनीची परवानगी लागते. काउंटरवर बॅग ठेवताना पॉवर बँक आत राहू द्यायची का हेही विचार.

घरच्यांना हा हिशोब लिहून दाखव. त्यांची काळजी वेळेचीच आहे, आकडे बघितले की बरीच कमी होईल.

शहर किती जवळ असलं म्हणजे बाहेर पडायला परवडतं? काही ढोबळ नियम आहे का?
– एक वाचक

माझा नियम असा, सहा तासांच्या आत असेल तर बाहेर पडूच नका. सहा ते आठ असेल आणि विमानतळावरून थेट ट्रेन असेल आणि शहर जवळ असेल तरच. आठच्या वर असेल तर वरचा उलटा हिशोब करा. झ्युरिकला ट्रेनने मुख्य स्टेशन जेमतेम १०-१२ मिनिटांवर आहे, कोपनहेगनला मेट्रोने पंधराएक मिनिटं, ॲमस्टरडॅमच्या स्किपॉलवरूनही साधारण तेवढंच, हाँगकाँगची एअरपोर्ट एक्सप्रेस २४ मिनिटांत सेंट्रलला टाकते, क्वालालंपूरची केएलआयए एक्सप्रेस पहिल्या टर्मिनलवरून २८ मिनिटांत, म्हणजे विमानतळ पन्नासेक किलोमीटर लांब असूनही. उलट टोकियोचं नारिता शहरापासून साठेक किलोमीटर, एक्सप्रेस गाडीनेही तासभर. तिथे आठ तास असतील तर मी टोकियोचा नाद सोडून नारिता गावातच जायला सांगेन, ट्रेनने दहा मिनिटं, स्टेशनवरून जुन्या रस्त्याने चालत गेलं की नारितासान शिनशोजी हे देऊळ येतं, ते इसवी सन ९४० मध्ये स्थापन झालं, मागे मोठी बाग आहे. मोठ्या शहराच्या नावापेक्षा विमानतळाच्या बाजूचं छोटं गाव कित्येकदा जास्त समाधान देतं, हे फारसं कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

युरोपातून जाणाऱ्यांनी एक नवीन गोष्ट हिशोबात धरा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, ईईएस नावाची सिस्टीम सुरू झालीये, युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांचे पहिल्या वेळी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. म्हणजे पहिल्यांदा बाहेर पडणार असाल तर रांगेसाठी अर्धा-पाऊण तास जास्तीचा ठेवा.

ताई, माझी आई ७२ वर्षांची आहे, भावाकडे एकटीच चाललीये आणि मध्ये एका मोठ्या विमानतळावर आठ तास थांबायचंय. चालते फिरते पण गुडघे दुखतात, इंग्रजी येत नाही, फोनमधलं फक्त व्हिडिओ कॉल येतो. मला रात्र रात्र झोप नाही.
– एक मुलगी

तुमची काळजी अगदी समजतेय, असे किती मेल आलेत म्हणून सांगू. पण खरं सांगते, नीट तयारी केली तर हे होतं, आणि अशा कितीतरी आया-आजी दरवर्षी एकट्या जाऊन येतात.

सगळ्यात आधी व्हीलचेअर. "आई चालते की" असं म्हणून बरेच जण ती मागत नाहीत, आणि आईलाही ते कमीपणाचं वाटतं, पण इथे खुर्चीपेक्षा खुर्ची ढकलणारा माणूस महत्त्वाचा आहे, तो तिला एका गेटवरून दुसऱ्या गेटवर नेतो, सिक्युरिटीतून काढतो, भाषा येत नसली तरी अडत नाही. विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवायचं, शक्यतो तिकीट काढतानाच. ते तुम्हाला प्रकार विचारतील. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात पण लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिने जमत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही मदत लागते. गुडघे दुखतात तर विमानाच्या शिडीचा विचार करून बहुतेक दुसरा प्रकार योग्य, कारण प्रत्येक वेळी विमानाला बोगदा लावतातच असं नाही, कधी बसने नेतात आणि शिडी चढावी लागते. तिकिटावर ही नोंद दोन्ही विमानांसाठी झालीये ना हे फोन करून विचारा, एकाच विमानाला नोंद होऊन राहिल्याच्या तक्रारी मला आल्यात.

आता आठ तासांचं. मदतनीस आठ तास सोबत बसत नाही, हे आईला आधीच सांगून ठेवा. तो तिला मदत लागणाऱ्या प्रवाशांच्या वेटिंगच्या जागी बसवून जातो आणि पुढच्या विमानाच्या वेळी परत कोणीतरी येतं, बहुतेक वेळा तो दुसराच माणूस असतो. हे माहीत नसलं की "मला सोडून गेला" म्हणून जीव घाबरा होतो. तिथल्या काउंटरवर बोर्डिंग पास दाखवून तिचं विमान कळवलंय ना हे मदतनीस जायच्या आत तिने खुणेने का होईना विचारावं. आणि बाथरूमला जायचं असेल, काही खायला आणायचं असेल तर खुर्चीत बसल्याबसल्याच सांगायचं, संकोच करायचा नाही, तेही त्यांच्या कामातच येतं.

एक कागद करा, मोठ्या अक्षरात, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. नाव, दोन्ही विमानांचे नंबर, तारीख, वेळ, "मला इंग्रजी येत नाही, मला या विमानाच्या गेटवर जायचंय", भावाचा आणि तुमचा नंबर, कुठली औषधं चालू आहेत. तो पासपोर्टच्या पाऊचमध्ये, गळ्यात. दोन प्रती करा. फोनच्या बाबतीत विमानतळाच्या मोफत वायफायवर विसंबू नका, बऱ्याच ठिकाणी त्याला मेसेजवर ओटीपी येतो किंवा पासपोर्ट स्कॅन करायचं मशीन शोधावं लागतं, आईला ते जमणार नाही. एक-दोन दिवसाचं रोमिंग पॅक घ्या आणि घरी तिच्याच हाताने दोन-तीनदा सुरू करून बघा.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. काही देशांत, उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिरातीत, कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या औषधांवर कडक नियम आहेत, खोकल्याच्या आणि दुखण्याच्या साध्या वाटणाऱ्या औषधात ती असू शकतात, तर एकदा डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि आठ तास एका जागी बसू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात चार तासांच्या वर बसून प्रवास केला तर पायातल्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं आलं होतं. मुळात धोका अगदी कमी असतो, साधारण ६००० मध्ये एक, त्यामुळे घाबरायचं काही नाही, पण तासाला एकदा उठून थोडं चालणं, बसल्याबसल्या घोटे फिरवणं, पाणी पिणं हे करायचंच. तुम्ही दर तासाला व्हिडिओ कॉल करणारच आहात, तर कॉलवर तिला चालायला लावा.

दोन वेगवेगळी तिकिटं घेतली, फार स्वस्त पडली. मध्ये ७ तास आहेत. बॅग आपोआप पुढे जाईल ना?
– एक नोकरदार वाचक

धरून चालू नका. तिकिटं वेगळी म्हणजे दोन कंपन्यांच्या दृष्टीने तुम्ही दोन वेगळे प्रवास करताय, तर बहुतेक वेळा बॅग मधल्या विमानतळावरच बाहेर येते. ती घ्यायला तुम्हाला पासपोर्ट कंट्रोल पार करून त्या देशात शिरावं लागतं, म्हणजे व्हिसा आला, आणि मग पुन्हा चेक-इन. व्हिसा नसेल तर पहिल्या विमानातच चढू देणार नाहीत अशी पाळी येऊ शकते. आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही, नवीन तिकीट तुमच्या खिशातून.

एकाच तिकिटावर असाल तर पुढचं विमान चुकलं तरी दुसऱ्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. युरोपियन युनियनमधून सुटणाऱ्या प्रवासाला तर २६१/२००४ हा नियम लागतो, शेवटच्या ठिकाणी तीन तासांच्या वर उशिरा पोचलात आणि चूक कंपनीची असेल तर अंतरानुसार २५० ते ६०० युरोपर्यंत भरपाई, शिवाय थांबावं लागलं तर जेवण आणि रात्र असेल तर हॉटेल. वेगळ्या तिकिटांना पूर्ण प्रवास म्हणून यातलं काही नाही. वाचलेले पैसे त्या जोखमीच्या मानाने किती आहेत ते बघा, मला विचाराल तर थोडं महाग पडलं तरी एकच तिकीट.

बुकिंग करताना अजून दोन गोष्टींकडे लक्ष द्या, कारण साइटवर त्या बारीक अक्षरात असतात. एक, मधला विमानतळ बदलत नाहीये ना. टोकियोला नारिता आणि हानेडा, लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, इस्तंबूललाही समुद्राच्या दुसऱ्या बाजूला साबिहा गोकचेन आहे, यातलं एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं म्हणजे देशात शिरून अख्खं शहर ओलांडायचं. दोन, शेंगेन देशांतले दोन विमानतळ मध्ये येत असतील, समजा फ्रँकफर्ट आणि मग म्युनिक, तर पहिल्यावरच तुमची शेंगेनमध्ये एन्ट्री होते, मग नुसती ट्रान्झिटची, म्हणजे बाहेर न पडता विमान बदलायची, परवानगी पुरत नाही.

अमेरिकेतून पुढे तिसऱ्या देशात जायचंय, बाहेर पडणार नाही, तरी व्हिसा?
– एक वाचक

हो. तिथे आतल्या आत विमान बदलायची सोयच नाही, उतरलेल्या प्रत्येकाला इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे ट्रान्झिटचा सी-१ किंवा दुसरा चालू व्हिसा हवा, ज्यांना सूट आहे त्यांनी ऑनलाइन परवानगी काढायची. सामानही साधारणपणे पहिल्या विमानतळावर घेऊन पुन्हा द्यावं लागतं. तीन तासांपेक्षा कमी लेओव्हर तिथे घेऊ नका.

रात्री ११ ते सकाळी ७ असा लेओव्हर आहे. रात्रभर खुर्चीत कसं काढायचं?
– एक वाचक

रात्रीचा लेओव्हर असेल तर शहर विसरा, झोप हेच सगळ्यात मोठं काम. मला स्वतःला वाटतं की लांबच्या प्रवासात मधली चार तास आडवी झोप ही कुठल्याही स्थळदर्शनापेक्षा जास्त उपयोगी आहे, पुढचे दोन दिवस त्यावर जातात.

मोठ्या विमानतळांवर तासावर खोल्या मिळणारी ट्रान्झिट हॉटेलं आतच असतात, पासपोर्ट कंट्रोल ओलांडावं लागत नाही. दोह्याच्या हमाद विमानतळावर ओरिक्स हॉटेल असं आत आहे. पण बुक करताना नीट वाचा! इस्तंबूलला योटेलच्या खोल्या आतल्या बाजूलाही आहेत आणि बाहेरच्या बाजूलाही, आणि बाहेरची खोली बुक केलीत आणि व्हिसा नाही, तर पैसे गेले आणि रात्र खुर्चीतच. हॉटेलला पैसे घालायचे नसतील तर आधी विमान कंपनीला विचारा, लेओव्हर लांब आहे आणि त्यांचंच त्याहून जवळचं कनेक्शन नाहीये तर काही कंपन्या स्वतःच्या खर्चाने खोली देतात, याला बुकिंगवाले एसटीपीसी म्हणतात. न विचारता सहसा कोणी देत नाही, आणि कितीतरी ठिकाणी हे आधीच बुक करावं लागतं, तिथे पोचल्यावर नाही.

नाहीतर फुकटच्या जागाही आहेत. हमादला शांत खोल्या आहेत, पाय लांब करता येतील अशा खुर्च्या आहेत, सिंगापूरच्या चांगीलाही आडवं पडायला खास जागा आहेत. एसी रात्री फार गार असतो तेव्हा शाल आणि मोजे हाताशी, बॅगेचा पट्टा हातात किंवा पायात अडकवून झोपा, पासपोर्ट अंगावर. लाउंजचा पास असेल तर अंघोळ करता येते, ती पहाटे करा, मात्र बरीच लाउंजेस तीन तासांपुरतीच आत घेतात म्हणून रात्री अकरालाच जाऊन पास संपवू नका.

अलार्म लावताना फोनचं घड्याळ तिथल्या वेळेला आलंय का ते बघा. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. आणि मध्यरात्रीच्या विमानांची तारीख दोनदा वाचा, १५ तारखेला ००:२० म्हणजे १४ च्या रात्री तुम्ही गेटवर हवेत. यात भलेभले फसतात.

आम्ही दोघं आणि दोन मुलं, ४ आणि ९ वर्षांची, सिंगापूरला ९ तास. मुलं कंटाळून रडतील ही भीती.
– एक आई

सिंगापूर मिळालंय तर तुम्ही नशीबवान आहात, मुलांसाठी यापेक्षा चांगला विमानतळ शोधून सापडणार नाही. टर्मिनल ३ ला आतच फुलपाखरांची बाग आहे, खेळायच्या जागा आहेत, मोफत सिनेमा आहे, टर्मिनल बदलायला छोटी ट्रेन आहे आणि धाकट्याला ती ट्रेनच सगळ्यात जास्त आवडेल बघा. आधी मुलांना अर्धा-एक तास मनसोक्त पळू द्या, मग खाणं, मग झोप, उलट क्रम लावलात तर कोणीच झोपत नाही.

ज्वेल नावाची जी फोटोत दिसते ती काचेच्या घुमटाखालची ४० मीटर उंच धबधब्याची इमारत, २०१९ मध्ये उघडलेली, ती मात्र ट्रान्झिटच्या बाहेर आहे, म्हणजे इमिग्रेशन करून जायचं. सिंगापूरचा व्हिसा नसेल तरी काही देशांच्या नागरिकांना, तिसऱ्या देशात जात असतील आणि हातात ठरावीक देशांचा चालू व्हिसा असेल तर, ९६ तासांपर्यंतची व्हिसाशिवाय ट्रान्झिटची सोय आहे, ती तुम्हाला लागू होते का ते तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर बघा. यात "तिसऱ्या" हा शब्द महत्त्वाचा, जिथून आलात तिथेच परत जात असाल तर ती ट्रान्झिट धरत नाहीत. बाहेर पडणार असाल तर पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, चौघांचंही, आणि ते मोफत आहे.

साडेपाच ते २४ तासांचा लेओव्हर असणाऱ्यांना चांगीतर्फे शहराची मोफत बस सहल असते, साधारण अडीच तासांची. पण चार वर्षांच्या मुलाला रात्रभराच्या विमानप्रवासानंतर बसमध्ये बसवून इमारती दाखवण्यात काय हशील, मी तरी ज्वेल आणि बाग यावरच थांबेन. तुमचा ९ वर्षांचा हट्ट करत असेल तर दोघांपैकी एकाने त्याला घेऊन जावं, एकाने धाकट्याजवळ थांबावं. बाबागाडी विमानाच्या दारात परत मिळेल की थेट शेवटच्या ठिकाणी हे चढतानाच विचारून घ्या, ९ तास कडेवर घेऊन फिरणं सोपं नाही.

ड्यूटी फ्रीमधली बाटली पुढच्या विमानात चालते का?
– एक वाचक

दुकानदाराने सील केलेल्या पारदर्शक पिशवीत असेल आणि बिल आत दिसत असेल तर बहुतेक ठिकाणी चालते, पिशवी शेवटच्या ठिकाणापर्यंत फोडायची नाही. पण मध्ये बाहेर फिरायला गेलात किंवा बॅग घेऊन परत चेक-इन करणार असाल तर ती चेक-इन बॅगेत टाका. सगळ्यात सोपं, शेवटच्या विमानतळावरून घ्या.

मुद्दाम लांब लेओव्हर असलेलं तिकीट घेणं शहाणपणाचं आहे का? तिकीटही स्वस्त मिळतं.
– एक निवृत्त शिक्षिका

आहे, पण अर्धवट लांब नको. माझ्या मते सात-आठ तासांचा लेओव्हर हा सगळ्यात वाईट, बाहेर पडायला कमी आणि बसायला फार. घ्यायचाच तर दहा-बारा तासांचा दिवसाउजेडीचा घ्या, नाहीतर सरळ एक-दोन रात्री राहा. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांच्या आतला थांबा तो लेओव्हर आणि त्यावरचा तो स्टॉपओव्हर असं विमान कंपन्या धरतात, आणि स्टॉपओव्हरला काही कंपन्या तिकिटाचे जास्त पैसे घेत नाहीत, उलट हॉटेलात सवलत देतात, कारण त्यांना तुम्ही त्यांच्या शहरात यायला हवेच असता. बुकिंगच्या पानावर "मल्टी-सिटी" निवडून तारीख एक-दोन दिवस पुढे सरकवून बघा, कितीतरी वेळा किंमत तेवढीच राहते. तुमच्या वयात आणि हातात वेळ असताना मी तर लांबच्या प्रवासाला हेच करायला सांगेन, शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एकेक तासच सरकतं, मध्ये एक रात्र नीट पाठ टेकली की पुढच्या ठिकाणी पोचल्यावरचा थकवा खूपच कमी होतो.

एकच लक्षात ठेवा, २४ तासांच्या आत असाल तर मोठी बॅग सहसा थेट पुढे जाते आणि तुमच्या हाताला लागत नाही, म्हणून त्या दिवसाचे कपडे, चपला, ब्रश, औषधं केबिन बॅगेत हवीत, आणि २४ तासांच्या वर थांबत असाल तर बॅग तिथेच बाहेर येते, ती घ्यायला विसरू नका. चेक-इनला बॅगेच्या टॅगवर शेवटच्या ठिकाणाचा तीन अक्षरी कोड लावतात, तो काउंटरवरच उभं राहून वाचा.